तेलाखालचे ठसे

पुण्याच्या पंपवाल्या गिऱ्हाइकाकडून परत आलेलं खोकं सूर्यभानशेठनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं, तेव्हा १९७१ सालचा जुलै चालू होता. खोक्यात दोनशे प्लंजर होते. त्यांतले एकतीस गंजलेले.

प्लंजर म्हणजे डिझेल इंजिनाच्या पंपातला करंगळीएवढा पोलादी दांडा. तो आपल्या नळीत इतका नेमका बसावा लागतो की मधून डिझेल झिरपू नये, आणि तरी तो हलका सरकला पाहिजे. त्यावर गंजाचा एक ठिपका पडला तरी तो अडकतो आणि विहिरीवरचं इंजिन सुरू होत नाही. नगरच्या एमआयडीसीतला आमचा चाळीस माणसांचा कारखाना एवढी एकच वस्तू बनवायचा. शेठ मूळचे शेवगावचे. इंजिनं दुरुस्त करता करता कारखानदार झालेले. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि त्याच जानेवारीत तिथे तपासणीच्या कामावर लागले. माझे वडील दत्तोपंत शाळेत शिक्षक होते. मुलीने कारखान्यात जावं हे त्यांना फारसं पटलं नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही. माझं नाव नीलांबरी, पण कारखान्यात मला सगळे बाईच म्हणत.

गंज येऊ नये म्हणून करायचं ते सगळं आम्ही करत होतो. तयार झालेला प्लंजर दोनदा रॉकेलात धुवायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा आणि मग गंजरोधक तेलात बुडवायचा. हे तेल साध्या तेलासारखं ओघळून जात नाही, पोलादाला धरून राहतं आणि हवेतली ओल आत जाऊ देत नाही. त्यानंतर मेणकागदात गुंडाळून लाकडी खोक्यात भरायचं. हे काम विजयमाला आणि झुंबरबाई या दोघींकडे होतं.

शेठना पहिला संशय तेलाचा आला. पिंपात भेसळ असेल म्हणून त्यांनी दुसरीकडून नवं पिंप आणवलं. दुसरा संशय या दोघींचा. तेलात नीट बुडवत नसतील, हात राखून तेल वापरत असतील, असं फोरमन आप्पासाहेब बोलून गेले. झुंबरबाईंना ते फार लागलं. त्या पन्नाशीच्या होत्या आणि कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून तिथे होत्या. त्यांनी आप्पासाहेबांना समोर उभं केलं आणि एकेक प्लंजर दोनदा तेलात बुडवून दाखवला.

ऑगस्टमध्ये दुसरं खोकं परत आलं. नवं तेल, दोनदा बुडवलेलं, आणि चाळीस प्लंजर गंजलेले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ते भिंगाखाली धरले. तोवर गंज म्हणजे गंज, असं समजून मी नुसते मोजत होते. भिंगाखाली दिसलं की तो ठिपक्यांचा नव्हता. बारीक वळणदार रेघा होत्या, एकाशेजारी एक, मध्ये भोवरा. मी माझं बोट भिंगाखाली धरलं, मग पुन्हा प्लंजर. तो माणसाच्या बोटाचा ठसा होता, गंजाने उमटलेला.

आमच्याकडे लॅपिंगला पाच माणसं होती. लॅपिंग म्हणजे अगदी बारीक पूड कालवलेला लगदा लावून प्लंजर हाताने घासत घासत शेवटच्या मापाला आणणं. नळीत तो कसा सरकतो ते बोटांनाच कळायचं, म्हणून काम उघड्या हातांनी. मी पाच चकचकीत पोलादी पट्ट्या घेतल्या, पाचही जणांना एकेकीवर अंगठा टेकवायला सांगितला, प्रत्येकीवर नंबर घातला. मग नेहमीसारख्या त्या रॉकेलात दोनदा धुतल्या, तेलात बुडवल्या आणि ओलं फडकं घातलेल्या डब्यात झाकण लावून ठेवल्या. आठ दिवसांनी डबा उघडला. तीन पट्ट्या स्वच्छ होत्या. एकीवर धूसर डाग होता. पाचवीवर तपकिरी अंगठा, रेघन् रेघ दिसेल असा.

पाचवी पट्टी गोरक्षनाथांची होती.

गोरक्षनाथ तिसगावचे, वय चौतीस-पस्तीस. घरी कोरडवाहू जमीन, ती भाऊ बघायचा. हे भिंगारला खोली घेऊन राहत आणि सायकलने कामाला येत. आमच्याकडचे सगळ्यांत चांगले कारागीर तेच. प्लंजर नळीत एकदा सरकवून ते सांगायचे, "मधी जाड हाय." मी मोजून पाहिलं की मापही तेच सांगायचं. त्यांच्या तळहातांना मात्र कायम घाम असे, अगदी पौषातल्या थंडीतही. खिशात नेहमी एक फडकं, काम करता करता हात पुसायचे.

मी ती पट्टी घेऊन थेट लॅपिंगच्या टेबलापाशी गेले. शेठ तिथेच उभे होते, आप्पासाहेबही. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून मी सांगितलं की दोष तेलाचा नाही, पॅकिंगचाही नाही, गंज गोरक्षनाथांच्या हातांचा आहे. कोडं सुटल्याचा मला आनंद झाला होता, आणि तो माझ्या आवाजात होता. मी पट्टी सगळ्यांना दाखवली. गोरक्षनाथांनी ती हातात घेतली नाही. लांबूनच पाहिली, आपले हात फडक्याला पुसले आणि खाली मान घालून हातातला प्लंजर पुरा केला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कच्च्या सळया कापायच्या करवतीवर बसवलं. तिथे सळई आत सरकवायची आणि तुकडा पडेपर्यंत बघत बसायचं. बारा वर्षं लॅपिंग केलेल्या कारागिराला ते काम म्हणजे घरात असून ओसरीवर बसवल्यासारखं होतं. शेठना त्यात वाईट वागायचं नव्हतं. ते म्हणाले, काढून तर टाकत नाही ना.

पण माणसं बोलतातच. कोणीतरी त्यांना 'खारट' म्हणायला लागलं आणि आठवड्यात ते नाव सगळीकडे झालं. चहाच्या वेळी त्यांनी पुढे केलेला ग्लास एकाने घेण्याआधी मुद्दाम पुसला. बाकीचे हसले. त्या दिवसापासून गोरक्षनाथ चहा करवतीपाशीच घ्यायला लागले. एकाने सल्ला दिला की साडेसाती असेल, शनिवारी शिंगणापूरला जाऊन तेल घाल. त्यावर ते एवढंच म्हणाले, "घालीन. पर त्या तेलानं प्लंजरचं काय हुनार?"

हे सगळं मला माझ्या टेबलावरून दिसत होतं. मी खोटं काही सांगितलेलं नव्हतं, असं मी स्वतःला समजावत होते.

गोरक्षनाथांनी स्वतःही उपाय करून पाहिले. तुरटीच्या पाण्यात हात बुडवून ठेवले, तर कातडी फुटली. चुलीतली राख चोळली. सुती हातमोजे घातले, तर त्यांचा धागा लगद्यात अडकायचा. रबरी मोज्यांत घाम साचून बोटं पांढरी पडायची, आणि नळीत प्लंजर कसा सरकतोय ते कळेना. हे ते दुपारच्या सुट्टीत, लॅपिंगचं टेबल रिकामं असताना, जुन्या प्लंजरवर करून बघत. आप्पासाहेबांना माहीत होतं, ते बघितलं न बघितलं करत.

ऑक्टोबर आला. उकाडा वाढला, पाऊसही अधूनमधून होता. गोरक्षनाथ लॅपिंगवर नसतानाही पुण्याहून खोकं परत आलं, त्यात दोनशेंत अकरा गंजलेले निघाले. म्हणजे गंज कमी झाला होता, गेला नव्हता. वर चौघांच्या हातचे प्लंजर घट्ट बसतात, अशी नवी तक्रार.

त्या दुपारी मी ते अकरा प्लंजर भिंगाखाली पाहत होते. गोरक्षनाथ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. महिन्या-दीड महिन्यात ते माझ्याशी बोलले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "तुमी सांगितलं ते खरंच हुतं. पर निम्मंच सांगितलं."

मी त्यांना समोर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"घाम मला येतो, त्यो ह्यास्नीबी येतो. मला लई, ह्यास्नी थोडा. पर आपन प्लंजर दोनदा रॉकेलात धुतो. मंग धुऊनबी माझा घाम तितंच कसा ऱ्हातो? तेल वरून बसतं, घाम खाली तसाच. रॉकेल नेमकं काय काढतं, ते तुमी बघितलंय का?"

मी बघितलं नव्हतं. रॉकेलात धुतलं की वस्तू स्वच्छ होते, हे मी कारखान्यात आल्या दिवशी ऐकलं आणि तसंच धरून चालले होते. मी त्यांना म्हटलं की बघते. ते मान हलवून करवतीकडे गेले. मी चार दिवस रॉकेल बदलून पाहिलं, गाळून पाहिलं, तीनदा, चारदा धुऊन पाहिलं. ठसे उमटतच होते.

उत्तर सापडलं ते झुंबरबाईंच्या चोरीमुळे. चोरी म्हणजे एवढीच, की पॅकिंगच्या खोलीत काही खायचं नाही असा नियम होता आणि त्या पेरू खात होत्या. खडेमिठाची पुडी धुण्याच्या ट्रेच्या कडेवर ठेवली होती, ती कलंडून रॉकेलात पडली. कोणाला कळू नये म्हणून त्यांनी पुडीचा कागद उचलला आणि गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रॉकेल फडक्यातून गाळत असताना मी नेमकी तिथे गेले. फडक्यात मीठ होतं. त्या ओशाळल्या, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बाई, काय बी खराब झालं न्हाई. रातभर पडलं हुतं, पर खडा न् खडा तसाच हाय. जरा बी इरघळला न्हाई."

मी ते फडकं हातात घेऊन उभी राहिले. मीठ रॉकेलात विरघळत नाही. हे शाळेतलं पोरही सांगेल. घामात मीठ असतं, हेही. मी तीन वर्षं रसायनशास्त्र शिकले होते. रॉकेल बोटाचा तेलकटपणा काढत होतं आणि मीठ जागच्या जागी सोडत होतं. त्या मिठावर आम्ही उत्तम प्रतीचं तेल चढवत होतो. मीठ ओल ओढतं, आणि तेलाचा तो एवढासा पापुद्रा त्याला पुरा पडत नाही. मीठ काढायचं तर एकच गोष्ट हवी, पाणी.

आणि पाण्याला तर त्या खोल्यांत बंदी होती. शेठनी स्वतः भिंतीवर रंगवून घेतलं होतं, 'इथे पाणी आणू नये.' पिण्याचा माठसुद्धा बाहेरच्या पडवीत.

मी शेठना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. आप्पासाहेब म्हणाले की तीस वर्षं पोलादात काढली, गंज टाळायला पोलाद पाण्यात घालायचं हे पहिल्यांदाच ऐकतोय. मी त्यांना समजावलं की उकळत्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालायचा, म्हणजे तेवढ्या वेळात गंज धरणार नाही. प्लंजर चांगला तापला की बाहेर काढल्याबरोबर अंगचं पाणी उडून जातं. तो गरम असतानाच तेलात बुडवायचा, म्हणजे उरलीसुरली ओलही तेल बाजूला सारतं. शेवटी शेठ म्हणाले की चाळीस प्लंजर घ्या, त्याहून एक जास्त नाही.

मी एक अट घातली. चाळीसही प्लंजर गोरक्षनाथांनी हाताळायचे, उघड्या हातांनी, हात न पुसता. आप्पासाहेबांनी त्यांना करवतीवरून बोलावून घेतलं. त्यांनी एकेक प्लंजर तळहातावर घोळवून ठेवला. मी वीस रॉकेलात धुतले. उरलेले वीस स्टोव्हवर पाणी उकळून त्यात धुतले. सगळ्यांना तेच तेल, तोच मेणकागद. मग ओली पोती घातलेल्या पेटीत ते पंधरा दिवस ठेवले.

पेटी उघडली तेव्हा रॉकेलातल्या वीसपैकी सतरांवर ठसे होते, ते अपेक्षितच होतं. पण पाण्यातल्या विसांपैकीही बारांवर गंज होता. ठसे नव्हते, पांढुरके ठिपके आणि त्यांच्या कडेने तपकिरी वलयं. शेठनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं आणि ते निघून गेले. विजयमालाने पेटी आवरली. मला रडू येईल असं वाटत होतं, म्हणून मी भिंगातून बघत राहिले.

गोरक्षनाथांनी एक प्लंजर चिमट्याने उचलला आणि उजेडात धरला. "ह्यो माझा हात न्हाई," ते म्हणाले. मग मी कुठलं पाणी घेतलं ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपल्याच बोअरचं. ते बाहेर गेले, नळाचं पाणी ओंजळीत घेऊन एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"मचूळ हाय. आमच्याकडं असल्या पान्यात डाळ शिजत न्हाई. माझ्या हातात नसंल तेवढं मीठ ह्या पान्यात हाय."

थोड्या अंतरावर एक बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी तिथे काचेच्या बरण्यांत मिळे. गोरक्षनाथ सायकलने जाऊन दोन बरण्या घेऊन आले. शेठना न विचारता आम्ही आणखी चाळीस प्लंजर घेतले. या वेळी पाणी उकळायला विजयमाला, चिमट्याने काढायला झुंबरबाई, आणि घोळवायला पुन्हा तेच हात. आप्पासाहेबांना आम्ही विचारलं नव्हतं, पण पेटी कुलपात ठेवायला किल्ली त्यांनीच दिली.

पंधरा दिवसांनी पेटी उघडायला सगळे जमले. शेठही आले, ते कोणी सांगितलं मला माहीत नाही. रॉकेलातल्या विसांपैकी अठरा गंजले होते. पाण्यातल्या विसांपैकी एकोणीस लख्ख. एकावर मात्र ठसा होता. मी तो भिंगाखाली घेतला, कारण एकही गंजला तरी उत्तर पुरं झालं असं म्हणता येत नव्हतं. विजयमाला माझ्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली की तो तिचा असेल. धुतल्यावर चिमट्यातून एक निसटला होता, तो तिने हाताने उचलला. आम्ही तिच्या बोटाशी ताडून पाहिलं. तिचाच होता.

शेठनी तो प्लंजर मागून घेतला आणि बराच वेळ बघितला. मग आप्पासाहेबांना सांगितलं की धुतल्यानंतर कोणाचाही हात लागता कामा नये, तारेची टोपली करून घ्या. आणि गोरक्षनाथांना म्हणाले, उद्यापासून आपल्या टेबलावर बसा.

डिसेंबर लागला होता. युद्ध सुरू झालं होतं, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते आणि सगळ्यांचं लक्ष रेडिओकडे होतं. गोरक्षनाथ टेबलावर परत आले याची कोणी फारशी दखल घेतली नाही. मला ते बरोबर वाटेना. त्यांचं नाव मी सगळ्यांसमोर घेतलं होतं, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून. दोन दिवस मी मनात जुळवाजुळव केली. तिसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या वेळी, सगळे आपापल्या जागी उभे असताना, मी लॅपिंगच्या टेबलापाशी गेले.

मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये मी इथे उभं राहून सांगितलं होतं की गंज गोरक्षनाथांच्या हातांचा आहे. ते चुकीचं होतं. मीठ सगळ्यांच्या हातात असतं. ते धुवायचं कसं हे शोधणं माझं काम होतं, आणि मी ते न करता माणूस दाखवून मोकळी झाले. मला माफ करा."

ग्लास पुसणारा तो माणूसही तिथे होता, तो आपल्या पायांकडे बघत होता. गोरक्षनाथांचे कान लाल झाले होते. त्यांनी फडक्याला हात पुसले.

"आवो बाई, बसा," ते म्हणाले. "तुमी शोदलं म्हून मला कळलं तरी. न्हाईतर मी जल्मभर लोखंड नासवत बसलो असतो." मग म्हणाले, "पर पुन्यांदा असं काय घावलं, तर आधी मला येकट्याला सांगा."

मी हो म्हटलं. आप्पासाहेबांनी मशीन सुरू केलं.

सगळं इथे संपलं असतं, पण १९७२ सालचा पाऊस आलाच नाही. जून गेला, जुलै गेला. तिसगावला गोरक्षनाथांचा भाऊ खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जायला लागला. बॅटरीवाल्याकडचं पाणीही सहज मिळेनासं झालं, आणि जे मिळे ते आणायला लांब जावं लागे. हवा इतकी कोरडी होती की उघड्यावर पडलेल्या सळयाही चकचकीत राहत. पुण्याहून एकही खोकं परत आलं नाही. मग एक दिवस शेठ म्हणाले की गंज पावसाबरोबर गेला, आता हे धुणं-बिणं बंद करू. लोकांना प्यायला पाणी नाही आणि आपण लोखंडाला आंघोळ घालतोय.

त्यांच्या बोलण्यातला दुसरा भाग खराच होता. आणि कोरड्या हवेत धुतलेलंही टिकतं, न धुतलेलंही टिकतं, मग धुण्याचा उपयोग सिद्ध करणार कसा?

गोरक्षनाथांनी शेठकडे बारा प्लंजर मागितले. त्यांचे मेहुणे भीमा भंडारदऱ्याला धरणावर चौकीदार होते. जिल्हा तोच, पण घाटातला पाऊस वेगळा. ह्या वर्षी कमी झाला तरी तिथे भिंतींना शेवाळ येतंच, असं ते म्हणाले. सहा प्लंजर नुसते रॉकेलात धुतलेले, सहा पाण्यात धुतलेले. बाराही त्यांनी आधी तळहातावर घोळवले होते. मेणकागदाच्या प्रत्येक पुडीवर मी आत काय आहे ते न लिहिता फक्त आकडा घातला, आणि यादी माझ्याकडे ठेवली. रविवार धरून दोन दिवसांची रजा काढून ते एसटीने अकोले, राजूरमार्गे गेले आणि पुड्या भीमाच्या खोलीतल्या फळीवर ठेवून आले. फळी गळत्या कौलाखाली होती. त्यांनी ती जागा मुद्दाम निवडली होती.

दिवाळीला बहिणीकडे जाऊन त्यांनी पुड्या परत आणल्या. कागदांना बुरशी आली होती. शेठ, आप्पासाहेब, झुंबरबाई, विजयमाला, सगळे टेबलाभोवती उभे होते. मी एकेक पुडी चिमट्याने सोडवली आणि आकडा वाचला. पहिल्या पुडीत गंज. दुसरीत गंज. तिसरीतला प्लंजर तेलाने चमकत होता. बारा झाल्यावर मी यादी काढली. नुसते रॉकेलात धुतलेले सहाच्या सहा गंजलेले. पाण्यात धुतलेले सहाही स्वच्छ.

शेठनी स्वच्छ प्लंजर बघायला हात पुढे केला, मग तो मागे घेऊन चिमटा मागितला. झुंबरबाईंनी हसू लपवायला तोंडाला पदर लावला. शेठनी प्लंजर नळीत घातला आणि तिरका धरला. तो आपल्या वजनाने सावकाश खाली उतरला. "धुणं चालू ठेवा," ते आप्पासाहेबांना म्हणाले. "पण वापरलेलं पाणी फेकू नका. सोड्याचं आहे, निवलं की त्याने फरशी धुऊन घ्या."

सगळे पांगले. गोरक्षनाथ मात्र टेबलापाशीच थांबले. गंजलेले सहा प्लंजर त्यांनी माझ्याकडून भिंग घेऊन एकेक करून पाहिले. गंज फार खोल गेला नव्हता. किंचित बारीक करून दुसऱ्या नळ्यांत बसवता येतील, वाया कशाला घालवायचे, असं ते म्हणाले आणि लगद्याची डबी उघडून बसले. संध्याकाळपर्यंत चार नीट निघाले. दोन भंगारात गेले.